अंगठा, ठसा आणि अंगुलिमुद्रा

प्रश्न असा आहे : जुन्या खरेदीखतात ‘निशाणी अंगठा’, पंचनाम्यात ‘बोटांचे ठसे’ आणि पोलीस खात्याच्या कागदांत ‘अंगुलिमुद्रा’ असे लिहिलेले आढळते, हे तिन्ही शब्द समानार्थी मानावेत काय, आणि ‘अंगुलि’मधील ‘लि’ ऱ्हस्व लिहावा की दीर्घ?

माझ्या मते हे शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत, कारण प्रत्येकामागची कृती वेगळी आहे.

अंगठा हा सहीऐवजी ‘दिला’ जातो. पूर्वी शेतकरी पाटील कागदावर नांगराची आकृती काढत आणि तिला ‘निशाणी नांगर’ म्हणत; अंगठा त्याच जागी येऊन बसला, म्हणून ‘निशाणी’ हा शब्द त्याला चिकटून राहिला. आमच्या घरातील एका जुन्या खरेदीखतावर असा जांभळ्या शाईचा अंगठा आहे. शाई इतकी जास्त झाली आहे की एकही रेषा सुटी दिसत नाही. नुसता लंबगोल डाग, शेजारी लिहून देणाऱ्याचे नाव आणि खाली ‘दस्तूर’ म्हणून ते लिहिणाऱ्याचे. व्यवहाराला तेवढे पुरले, कारण अंगठ्याने संमती सांगितली होती आणि माणूस तोच असल्याची खात्री साक्षीदार देत होते. 1858 साली बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्षेल या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराकडून करारावर अख्ख्या पंजाचा छाप घेतला, तोही त्याने पुढे करार नाकारू नये एवढ्यासाठीच. छापावरून माणूस ओळखता येतो ही जाणीव हर्षेलला त्यानंतरच्या वर्षांत होत गेली.

‘ठसा’ या शब्दाची खरी श्रीमंती अशी की, कापडावर नक्षी छापण्याचा लाकडी ठोकळाही ठसा आणि त्याने उमटलेली आकृतीही ठसा. बोटाला हे दोन्ही अर्थ तंतोतंत लागू पडतात. बोटाच्या पेरावरील बारीक उंचवट्यांच्या रेषा जन्मापूर्वीच पक्क्या होतात, वरवर खरचटले तरी पुन्हा तशाच येतात आणि एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांतही वेगळ्या असतात. त्या रेषांवर घामाची छिद्रे असल्यामुळे हा ठोकळा आपली शाई जणू स्वतःबरोबरच बाळगतो. काचेच्या पेल्याला हात लागला की न दिसणारा ठसा मागे राहतो. मऊ कुंचल्याने त्यावर बारीक भुकटी फिरवली की ती घामाच्या व तेलकटपणाच्या रेषांना धरते. कागदावरच्या ठशासाठी निनहायड्रिन वापरतात, जे घामातील अमिनो आम्लांशी संयोग पावून जांभळे होते. म्हणून क्रियापदेही सांभाळावीत : अंगठा देतात किंवा उठवतात, ठसा उमटतो, राहतो, मिळतो. ‘खिडकीवर आरोपीचा अंगठा सापडला’ हे वाक्य त्यामुळे चुकीचे ठरते.

‘अंगुलिमुद्रा’ हा शब्द अनेकांना कार्यालयात घडवलेला वाटतो, पण तो जुना आहे. अमरकोशात ‘साक्षराङ्गुलिमुद्रा स्यात्’ असे येते. म्हणजे अक्षरे कोरलेली अंगठी, जिने शिक्का उमटवता येतो. अंगठीची जागा आता बोटानेच घेतली, एवढाच काय तो अर्थबदल. ‘मुद्रा’ म्हटले की प्रमाण मानण्याजोगा शिक्का मनात येतो, म्हणून शास्त्र, तज्ज्ञ आणि केंद्र यांच्यासाठी मी हाच शब्द राखून ठेवीन. असे जगातील पहिले केंद्र 1897 मध्ये कलकत्त्याला सुरू झाले. दहा बोटांच्या मुद्रांची 1024 गटांत विभागणी करणारी पद्धत बंगालचे तेव्हाचे पोलीसप्रमुख एडवर्ड हेन्री यांच्या नावाने ओळखली जाते. तिच्यामागे त्यांचे भारतीय सहायक अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचे परिश्रम होते, हे आवर्जून सांगितले पाहिजे.

येथे ‘जुळणे’ या शब्दाविषयीही लिहिणे मला गरजेचे वाटते. आपण लहानपणी बोटांवरची शंख आणि चक्रे मोजतो. पण दोन्ही ठशांत चक्र आहे, एवढ्याने ठसे जुळत नाहीत, फक्त आकृतीचा प्रकार सारखा ठरतो. तज्ज्ञ पुढे जाऊन रेषा कोठे संपते, कोठे दुभंगते, अशा खुणा आणि त्यांचे परस्परांतील स्थान पडताळतो. तरीही निष्कर्ष माणूसच काढतो. 2004 च्या माद्रिद स्फोटांनंतर एफबीआयने एक ठसा अमेरिकेतील एका वकिलाचा ठरवला. स्पेनच्या पोलिसांनी तो दुसऱ्याच व्यक्तीचा असल्याचे दाखवल्यावर ते मत मागे घ्यावे लागले. म्हणून बातमीत ‘ठसे जुळले’ याऐवजी ‘ठसे एकाच बोटाचे असल्याचे तज्ज्ञाचे मत आहे’ असे लिहावे.

आता ऱ्हस्व-दीर्घ. संस्कृतात ‘अङ्गुलि’ आणि ‘अङ्गुली’ अशी दोन्ही रूपे आहेत. ‘कविराज’, ‘बुद्धिबळ’ यांप्रमाणे ऱ्हस्व इकारान्त पूर्वपद समासात ऱ्हस्वच राहते, म्हणून मी ‘अंगुलिमुद्रा’ लिहितो. दीर्घ रूप मूळ धरले तर ‘लक्ष्मीपुत्र’प्रमाणे ‘अंगुलीमुद्रा’ही चुकीचे नाही. मात्र हा समास असल्याने ‘अंगुली मुद्रा’ असा तोडून लिहू नये.