वाचकांचे प्रश्न : गॅसवाल्या बंदुकीला तेल किती?

प्रश्न : नमस्कार. आजोबांच्या वेळची बारा बोअरची सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन आहे, लायसन्स आता माझ्या नावावर. गंज धरू नये म्हणून पावसाळाभर सगळीकडे भरपूर तेल मारलं, आता रेंजवर नेली तर बार होतो पण रिकामी केस (काडतुसाचं कवच) अर्धवट बाहेर येऊन अडकते. गॅस सिस्टीम साफ कर म्हणतात. घरी जमेल का? – एक वाचक, डिचोली

उत्तर : जमेल, पण आधी ती गॅसवर चालणारी आहे का ते बघा, कारण सगळ्या सेमी-ऑटो तशा नसतात. जुनी ब्राउनिंग ऑटो-5 रिकॉइलवर, म्हणजे बाराच्या मागे बसणाऱ्या धक्क्याने चालते, बेनेलीच्या बऱ्याचशा इनर्शियावर, म्हणजे जडत्वावर. रेमिंग्टन 1100, जी 1963 मध्ये आली, ती मात्र गॅसवाली. पुढचा लाकडी भाग (फोर-एंड) काढल्यावर नळीच्या खालच्या कडीत बारीक भोकं आणि मॅगझिन ट्यूबवर, म्हणजे काडतुसं भरायच्या खालच्या नळीवर, पिस्टन दिसला तर तुमचीही गॅसवालीच.

बार झाला की थोडा गॅस त्या भोकांतून खाली उतरतो, पिस्टनला मागे ढकलतो, त्याच्याबरोबर बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता भाग, मागे येतो आणि केस बाहेर फेकली जाते. गॅसबरोबर काजळी येणारच. कोरड्या पिस्टनवरची बरीचशी काजळी नुसत्या फडक्याने निघते, पण तिथे तेल असलं की सायकलच्या चेनवर बसते तशी चिकट मळी तयार होते, पिस्टन जड होतो आणि बोल्ट पूर्ण मागे जातच नाही. गोव्यात हे फार होतं असं मला वाटतं, कारण इथली दमट खारी हवा, पाऊस जवळपास 3000 मिलिमीटर, त्यामुळे माणूस गंजाच्या धास्तीने जिथे तिथे तेल ओततो.

सुरुवातीला बंदूक रिकामी करा, चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा) आणि मॅगझिन दोन्ही डोळ्यांनी बघा, बोट घालून बघा, आणि काडतुसं सरळ दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवा. मग ट्यूबच्या टोकाची कॅप, फोर-एंड, नळी काढा. पिस्टन आणि कड्या ज्या क्रमाने निघतात त्याचा मोबाइलवर फोटो काढत जा, एखादी कडी उलटी बसली तरी बंदूक नीट चालत नाही आणि मग दोष कुठे तेच कळत नाही. पिस्टन आणि ट्यूब गन सॉल्व्हंटने भिजवा, थोडं थांबा, ब्राँझच्या ब्रशने घासा. सँडपेपर अजिबात नको. भोकांत पाइप क्लीनर फिरवा, नसला तर माडाच्या हिराची काडी चालेल, फक्त तुटून आत राहू देऊ नका. ड्रिल कधीच नको, भोक मोठं झालं तर गॅस जास्त येतो, बोल्ट जोरात आपटतो आणि बंदूक आतून खिळखिळी होते.

रेमिंग्टन 1100 असेल तर ट्यूबवर रबराची ओ-रिंग असते. ती चिरली, कडक झाली की गॅस तिथूनच निसटतो आणि तुम्ही सांगताय तेच लक्षण दिसतं. थिनर लावू नका तिला, नवीन घाला, फार महाग वस्तू नाही.

शेवटी सगळं कोरडं पुसा. पिस्टन आणि ट्यूबवर तेलाचा हात फिरवलेलं फडकं फक्त एकदा, मग पुन्हा कोरडं. बोल्टच्या सरकत्या बाजूंना एकेक थेंब, नळीला बाहेरून पातळ थर. खोबरेल तर नकोच, ते चिकटतं आणि थंडीत गोठतं, शिलाई मशीनचं तेल त्यापेक्षा कितीतरी बरं.

एवढं करूनही केस अडकली तर काडतूस बदलून बघा. ट्रॅपची (उडत्या चकत्यांवरच्या नेमबाजीची) 24 ग्रॅम छऱ्यांची हलकी काडतुसं काही गॅस बंदुकांना पुरत नाहीत, दमट हवेत फुगलेली जुनी काडतुसं तर वापरूच नका. तरीही अडतंय म्हणजे लायसन्सवाल्या गन हाऊसच्या कारागिराकडे न्या, स्प्रिंग बघायला लागेल.

प्रश्न : निवडणुकीच्या आचारसंहितेत आमची दुनळी पोलीस ठाण्यात जमा होते, परत येते ती तांबेऱ्यासकट. काय करू? – एक बागायतदार, सत्तरी

उत्तर : जमा करायच्या आदल्या दिवशी पुलथ्रूने (नळीतून फडकं ओढायच्या दोरीने) दोन्ही नळ्या कोरड्या करा, मग आतबाहेर तेलाचा पातळ थर द्या. चामड्याच्या कव्हरात देऊ नका, चामडं ओल धरून ठेवतं. सुती कापडात गुंडाळा, आणि पावतीवर नंबर स्वतः तपासून घ्या. परत आल्यावर उजेडाकडे धरून नळ्यांतून आरपार बघा, कारण कुंभारमाशी उघड्या नळीत मातीचं घर करते आणि तसाच बार काढला तर नळी फुटू शकते. माती दिसली तर रॉडने काढा, आतलं तेल पूर्ण पुसा, खड्डे पडलेत असं वाटलं तर बार काढू नका, आधी कारागिराला दाखवा.