वाचकांचे प्रश्न : कलाकार कोण घेतले याने फरक पडतो का?

प्रश्न : नेटफ्लिक्सवर 'व्हेन दे सी अस' बघितली, फार रडले. पण माझा मुलगा म्हणतो यात काळे तेवढे निर्दोष आणि गोरे सगळे वाईट दाखवलेत, डायव्हर्सिटीच्या नावाखाली. आणि अ‍ॅक्टिंग चांगली असली की झालं, कलाकार कुठल्या समाजाचा आहे याचं काय एवढं? मला त्याला नीट उत्तर देता आलं नाही. – एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, ही सिरीज न्यूयॉर्कमधल्या पाच पोरांच्या खऱ्या केसवर आहे, न केलेल्या गुन्ह्याची त्यांना शिक्षा झाली. तर आधी गोऱ्यांचं बघू. २००२ मध्ये केस नव्याने तपासून या मुलांची शिक्षा रद्द करा असं सांगणारी सरकारी वकील नॅन्सी रायन गोरीच होती, आणि सिरीजमध्ये ती आहे की. त्यामुळे मुलाचा पहिला मुद्दा टिकत नाही.

दुसरा मुद्दा मात्र मला फार जवळचा आहे. १९ एप्रिल १९८९ ला न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये जॉगिंग करणाऱ्या बाईवर भयंकर अत्याचार झाला आणि १४ ते १६ वयाची पाच पोरं पकडली, चार काळी, एक लॅटिनो (म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाचा). डीएनए एकाचाही जुळला नाही, तरी तासन्तास चौकशी करून घेतलेल्या कबुलीजबाबांवर शिक्षा झाली. पेपरवाल्यांनी त्यांची टोळी करून टाकली, ट्रम्प यांनी तर फाशी परत आणा म्हणून चार पेपरात पानभर जाहिराती दिल्या. म्हणजे अन्याय सुरूच इथून झाला की कुणी या पाच जणांना वेगवेगळं बघितलंच नाही. मग सिरीजचं पहिलं काम काय, तर त्यांना वेगळं करणं. दिग्दर्शिका एव्हा ड्यूव्हर्ने यांनी सिरीजचं आधीचं 'सेंट्रल पार्क फाइव्ह', म्हणजे 'सेंट्रल पार्कचे पाच', हे नाव काढून टाकलं ते त्यासाठीच. या पाचातल्या युसुफची आई पोलिसांना अडवते म्हणून त्याचा व्हिडिओ कबुलीजबाब होतच नाही, अँट्रनचा बाप उलट घाबरून पोराला पोलीस म्हणतात तसं सांग म्हणतो, रेमंडच्या आजीला इंग्रजी धड कळत नाही आणि तिच्यासमोर चौकशी चाललीय. नुसते पाच काळेसावळे चेहरे गोळा केले असते तर हे दिसलंच नसतं, घराघरातला फरक दाखवला म्हणून ते दिसतं.

आणि कोरी वाइज! तो फक्त मित्राच्या सोबतीला पोलीस स्टेशनला गेला होता, १६ वर्षांचा होता म्हणून मोठ्यांच्या तुरुंगात गेला. जॅरेल जेरोम या पोराने त्याचं लहानपण आणि मोठेपण दोन्ही केलंय (बाकी चौघांना दोन-दोन कलाकार आहेत) आणि टीव्हीसाठीचा मोठा पुरस्कार, २०१९ चं एमी, घेतलं. कोरीच्या ट्रान्स बहिणीचं काम आयसिस किंग या ट्रान्स अभिनेत्रीने केलंय. तो भाग थोडाच आहे पण मला सगळ्यात जास्त तोच लागला, कारण घरात बहिणीला जे सोसावं लागलं ते ती अभिनेत्री वरवरचं करत नाही.

एक कमतरता मलाही वाटते, ती म्हणजे जिच्यावर अत्याचार झाला त्या बाईला सिरीजमध्ये फार कमी जागा आहे. खरा गुन्हेगार मोकळा राहिला हा तिच्यावरचाही अन्यायच होता ना.

मुलाला वाटत असेल हे अमेरिकेतलं आहे, तर त्याला सांगा, सिरीज आली त्याच वर्षी, ५ मार्च २०१९ ला, आपल्या सुप्रीम कोर्टाने महाराष्ट्रातल्या भटक्या जमातीच्या सहा जणांना निर्दोष सोडलं. सोळा वर्षं आत होते, २००९ मध्ये याच कोर्टाने सहाही जणांना फाशी ठरवली होती, आणि त्यातला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. राज्य सरकारने प्रत्येकी ५ लाख रुपये द्यावेत असा आदेश झाला. उद्या कुणी यावर मराठी सिरीज काढली तर पालावर वाढलेली, ती बोली बोलणारी पोरं त्यात हवीत आणि लिहायला बसणाऱ्यांतही त्या समाजातलं कुणीतरी हवंच, शहरातल्या हिरोला मळकट मेकअप करून ते जमणार नाही.