हप्त्याचा वार कोण ठरवतं?

प्रश्न : बी.कॉम.नंतर दीड वर्ष मी बार्शीजवळ एका मायक्रोफायनान्स कंपनीत फील्ड ऑफिसर आहे. रोज सेंटर मीटिंग, म्हणजे कर्जदार बायकांच्या गटाची बैठक, आणि वसुली. मला कर्जाच्या योजना आखणाऱ्या 'प्रॉडक्ट' विभागात जायचंय. नोकरी सोडून एमबीए करू का?

उत्तर : इतक्यात सोडू नकोस. हेड ऑफिसातले पुष्कळजण सेंटर मीटिंगला पाहुण्यासारखे येऊन जातात. तू ती दीड वर्ष चालवली आहेस.

योजना प्रत्यक्षात कुठे अडते, ते कळायला गरिबांना छोटी कर्जं देणाऱ्या बांगलादेशच्या ग्रामीण बँकेचंच बघ. तिचं कर्ज एकाच साच्याचं होतं : मुदत एक वर्ष, दर आठवड्याला ठरलेला हप्ता. १९९८च्या पुरात सभासदांचं होतं नव्हतं ते वाहून गेलं, साच्यात हप्ता लांबवायला जागा नव्हती, थकबाकी साचली. पुढे बँकेने योजनाच बदलली, 'ग्रामीण २' आली. अडलेल्या बाईला मुदत वाढवून हप्ता लहान करून घेता येऊ लागला. सोबत पेन्शन बचत आली आणि काही वर्षांत बँकेतल्या ठेवी येणं असलेल्या कर्जाच्या पुढे गेल्या.

पण सवलत फुकट नसते. कोलकात्यातल्या एका प्रयोगात काही कर्जदारांना पहिल्या हप्त्याआधी दोन आठवड्यांऐवजी दोन महिने दिले. त्या बायकांनी धंद्यात जास्त पैसा घातला, पुढे नफाही जास्त कमावला. मात्र कर्ज थकवणाऱ्याही वाढल्या. आता ही सवलत ठेवायची की काढायची? प्रॉडक्टवाल्यांची झोप उडते ती इथे.

म्हणून आजपासून एक वही कर. कुठल्या महिन्यात कुणाचा हप्ता अडतो आणि का? सोयाबीन विकलं गेलं नाही म्हणून, की दुधाचं बिल हप्त्याच्या वारानंतर येतं म्हणून? सोबत एक्सेल पक्कं कर, 'पार ३०' म्हणजे तीस दिवसांहून जास्त थकलेल्या कर्जांचं प्रमाण काढायला शीक. साप्ताहिक हप्ता मासिक केला, तर एका ऑफिसरला किती सेंटर झेपतील आणि एका दिवसात किती रोकड सांभाळावी लागेल, हेही मांडून बघ. रिझर्व्ह बँकेचे मायक्रोफायनान्सबद्दलचे २०२२चे नियम मुळातून वाच : कर्जदार कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न तीन लाखांपर्यंत, सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याच्या आत.

वर्षभराने शिकावंसं वाटलं, तर ग्रामीण व्यवस्थापन शिकवणारी आणंदची 'इर्मा' किंवा सहकार व्यवस्थापन शिकवणारी पुण्याची 'वैमनीकॉम' बघ. मुलाखतीला ती वही घेऊन जा. तूर्तास ब्रँच मॅनेजरकडे या महिन्याची थकबाकीची यादी माग. ते काम बहुतेकांना नकोच असतं.