पहिली नाइट लागलेल्या सिस्टरला

प्रिय मुली,

तू लिहिलंस, नाइट करून एवढं थकूनही दिवसा डोळा लागत नाही, आणि सासूबाई म्हणतात, ‘दमलेल्या माणसाला कुठेही झोप येते.’ त्यांना समजावून सांग. झोप यायला नुसता थकवा पुरत नाही. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात त्याच्या जरा वर, सुमारे 20 हजार पेशींचा पुंजका आहे. शरीराची वेळ तो राखतो, आणि तो जुळतो उजेडावर. सकाळी ओव्हर देऊन, म्हणजे पुढच्या पाळीला काम सोपवून, तू उन्हात आलीस की त्याच्या लेखी दिवस सुरू होतो, मग अंथरुणावर कितीही पडून राहा.

म्हणून वॉर्डातून निघताना काळा चष्मा लाव. स्कूटर मात्र नको. नाइटनंतर बसने किंवा रिक्षाने जा, याबाबत मी हट्टी आहे. खोलीला जाड पडदे लाव, मोबाइल बाहेर ठेव. तुझी झोप ही रात्रीची झोप आहे, तेव्हा दुपारी कुणी बेल वाजवायची नाही, हे घरात एकदा स्पष्ट बोलून घे.

पहाटे चारच्या सुमारास अंगाचं तापमान सर्वांत खाली असतं आणि लक्षही तेव्हाच सुटतं. त्या वेळी इन्सुलिन किंवा रक्त गोठू न देणारं हेपॅरिन भरलंस, तर डोस दुसऱ्या सिस्टरला दाखवल्याशिवाय देऊ नकोस. ती झोपेत असली तर उठव. लाजू नकोस. आणि झोप उडवायला तेव्हा चहा घेऊ नकोस. चारच्या चहातलं साधारण निम्मं कॅफिन नऊलाही अंगात असतं. चहा ड्युटीच्या सुरुवातीलाच घे.

जेवण घरून करून निघ. रात्री दोनला तीच पोळीभाजी खाल्ली तर रक्तातली साखर दिवसापेक्षा जास्त चढते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात ठेवलं आहे, 2007 साली आणि पुन्हा 2019 साली. घाबरवायला सांगत नाही. भिडेखातर दुसऱ्यांच्या नाइट अंगावर घेऊ नकोस, एवढ्यासाठी सांगते.

इन्चार्ज सिस्टरांशी बोल. ड्युटी मॉर्निंग, मग इव्हनिंग, मग नाइट अशी पुढे सरकत लावायला सांग. आपलं आतलं चक्र 24 तासांहून किंचित लांब असतं, त्यामुळे उशिरा झोपणं त्याला लवकर झोपण्यापेक्षा सोपं जातं. एकटी जाऊ नकोस, तुझ्या बॅचच्या मुलींना बरोबर घे.

तुझी,
ताई