नव्या वस्तीतली प्राथमिक शाळा कोणाच्या हाती द्यावी?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचे गाव सातारा शहराला लागून आहे. गेल्या काही वर्षांत शेतजमिनींचे प्लॉट पडले, बंगले आणि अपार्टमेंट उभी राहिली. जिल्हा परिषदेची शाळा मात्र जुन्या गावठाणात आहे आणि नव्या वस्तीतल्या लहान मुलांना तिथे जायला महामार्ग ओलांडावा लागतो. वस्तीत ग्रामपंचायतीच्या मालकीची एक जागा आहे. तेथे प्राथमिक शाळा काढण्यासाठी तीन अर्ज आले आहेत : एक जिल्ह्यातील जुनी, नावाजलेली शिक्षण संस्था, दुसरी पुण्याची ना-नफा कंपनी आणि तिसरा, गावातल्याच पुढाऱ्यांनी गेल्या वर्षी नोंदवलेला ट्रस्ट. ग्रामसभेपुढे विषय येणार आहे. निवड कोणत्या निकषांवर करावी?
— ग्रामपंचायत सदस्या, सातारा तालुका

उत्तर : तिन्ही अर्ज बाजूला ठेवून आधी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे शाळेची लेखी मागणी नोंदवावी, असे मी सुचवीन, कारण आपल्या पत्रात तशी मागणी केल्याचा उल्लेख नाही. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार कायदा 2009 चा आहे आणि 1 एप्रिल 2010 पासून तो लागू आहे. त्याच्या कलम 6 नुसार परिसरात शाळा नसेल तेथे ती काढण्याची जबाबदारी शासनाची आणि स्थानिक प्राधिकरणाची आहे. महाराष्ट्राच्या 2011 च्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी हे अंतर एक किलोमीटर, तर सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर धरले आहे. गावठाणातली शाळा नकाशावर एक किलोमीटरच्या आत भरत असेल, तर अर्जात महामार्गाचा मुद्दा ठळकपणे मांडावा. नकार आला तरी तो लेखी घ्यावा. खासगी संस्थेला गावाची जागा का दिली, असा प्रश्न पुढे कोणी विचारला, तर तेच पत्र ग्रामपंचायतीच्या कामी येईल.

आता ग्रामसभेच्या अधिकाराविषयी. ग्रामसभेचा ठराव म्हणजे शाळेची मान्यता नव्हे. नवी खासगी शाळा आज महाराष्ट्र स्वयंअर्थसहाय्यित शाळा (स्थापना व विनियमन) अधिनियम, 2012 खाली निघते. नोंदणीकृत संस्था, न्यास किंवा कंपनी कायद्याच्या कलम 8 खालची ना-नफा कंपनी यांपैकी कोणीही शासनाकडे अर्ज करू शकते, छाननीनंतर इरादापत्र, म्हणजे अटी पूर्ण केल्यास मान्यता देण्याची तयारी दर्शवणारे पत्र, मिळते आणि अटी पूर्ण झाल्यावर मान्यता. या प्रवासात गावाचे मत विचारले जाईलच असे नाही. गावाच्या हातात खरे काय आहे, तर ती जागा. त्यामुळे ‘कोणती संस्था निवडावी’ यापेक्षा ‘कोणत्या अटींवर जागा द्यावी’ हा प्रश्न ग्रामसभेने अधिक वेळ देऊन चर्चेला घ्यावा. अटी नीट लिहिल्या, तर अर्जदारांपैकी कोणाची तयारी कितपत आहे ते चर्चा संपण्याआधीच दिसू लागते.

जागेचे कागदही आधी पाहावेत. सातबाऱ्यावर ती गायरान असेल, तर ती ग्रामपंचायतीची देण्याजोगी मालमत्ताच नव्हे. मंजूर रेखांकनातली खुली जागा असेल, तर ती रहिवाशांच्या वापरासाठी राखलेली असते आणि तिच्यावर शाळेची इमारत उभी करणे म्हणजे पुढच्या वादाला आमंत्रण. जागा निर्विवादपणे ग्रामपंचायतीची असली, तरी तीन वर्षांहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या पूर्वमंजुरीशिवाय करता येत नाही. ‘आधी बांधकाम सुरू करू, मंजुरी मागाहून येईल’ असे सांगणाऱ्या अर्जदाराविषयी त्याच वाक्यावरून मत बनवायला हरकत नाही.

तीन अर्जदारांकडे वळू. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये कऱ्हाड तालुक्यातल्या काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली, तेव्हापासून या जिल्ह्याला संस्थांच्या शाळांची सवय आहे, आणि जुन्या संस्थेविषयीचा आपला आदर त्या सवयीतून आलेला आहे. तो अनाठायी नाही. पण कोणत्याही मोठ्या संस्थेच्या माध्यमिक विद्यालयांची कीर्ती तिच्या प्राथमिक वर्गांना आपोआप लागू होत नाही. अनुदानित शाळेतील शिक्षकांचे वेतन शासन देते. आपल्या गावची शाळा स्वयंअर्थसहाय्यित असेल आणि तिचा खर्च फीमधूनच निघेल. म्हणून संस्थेच्या शतकभराच्या इतिहासापेक्षा तिने गेल्या काही वर्षांत विनाअनुदानित तत्त्वावर काढलेली एखादी प्राथमिक शाळा जाऊन पाहावी.

‘सुरुवातीला फी घेऊ, पुढे अनुदान मिळेल’ असे कोणी सांगत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नये. कायम विनाअनुदानित, म्हणजे कधीच अनुदान न मागण्याच्या अटीवर मंजूर झालेल्या, शाळांचा ‘कायम’ हा शब्द 2009 मध्ये वगळला गेला, पुढे त्या शाळांना 20 टक्क्यांपासून टप्पा अनुदान सुरू झाले, आणि त्यासाठी शिक्षकांना आझाद मैदानावर किती वेळा बसावे लागले हे आपण सर्वांनी पाहिले आहे. तोच अनुभव लोक नव्या शाळांनाही लावतात. 2012 च्या कायद्याखालील शाळा मात्र स्वतःच्या पैशावर चालवण्याच्या हमीवरच मंजूर होते.

संस्थेची चालू शाळा पाहायला जाताना कळवून जाऊ नये; निदान वार्षिक स्नेहसंमेलनाच्या आठवड्यात तरी जाऊ नये. मधल्या सुट्टीच्या सुमारास जावे. मुलींच्या स्वच्छतागृहात नळाला पाणी आहे का, ते एखाद्या भगिनीने आत जाऊन पाहावे. तिसरीच्या वर्गात मागच्या बाकावरच्या मुलाला पाठ्यपुस्तकातला न शिकवलेला उतारा वाचायला सांगावा. पुढच्या बाकावरची मुले कुठल्याही शाळेत वाचतात. मग मुख्याध्यापकांना विनंती करून शिक्षकांचे हजेरीपत्रक मागावे आणि चालू वर्षाच्या जूनमधली नावे दोन वर्षांपूर्वीच्या जूनमधल्या नावांशी ताडून पाहावीत. निम्मी नावे बदललेली असतील, तर त्या शाळेत शिक्षक टिकत नाहीत, आणि पहिली-दुसरीच्या मुलांना त्यासारखी हानी दुसरी नाही. शिक्षक का टिकत नाहीत याचे उत्तर बहुधा पगारपत्रकात असते. कागदावर एक रक्कम आणि हातात दुसरी, ही तक्रार शिक्षकांच्या तोंडून आपणही ऐकली असेल. वेतन बँकेत जमा होते का, भविष्य निर्वाह निधीची कपात होते का, शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण आहेत का, एवढे विचारले तरी पुष्कळ कळते. दाखवायला नकार मिळाला, तर तोही नोंदवून ठेवावा.

संस्थेचे अंतरंग पाहायचे असेल, तर साताऱ्याच्या सहायक धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय गाठावे. परिशिष्ट एकचा उतारा (संस्थेच्या नोंदणीचा आणि विश्वस्तांच्या नावांचा), गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल आणि प्रलंबित बदल अर्ज, एवढे कागद तिथून मिळवावेत. विश्वस्तांचा बदल अर्ज वर्षानुवर्षे प्रलंबित असेल आणि दोन गट आपापल्या कार्यकारिणीचा दावा सांगत असतील, तर भांडण तिथे चालते आणि मुख्याध्यापकांच्या खुर्चीवर त्याचा परिणाम इथे होतो. पुण्याच्या कंपनीचे कागद कंपनी निबंधकांकडे असतात. तिच्याबाबत मी आणखी एक विचारीन, की गावातल्या शाळेत रोज निर्णय घेणारा माणूस कोण, आणि पालकांना तो कुठे भेटेल. स्थानिक ट्रस्टला दाखवण्याजोगी शाळाच नाही. पुढारी मंडळींच्या हेतूवर मी शंका घेत नाही, परंतु चार-दोन भाऊबंदांचे विश्वस्त मंडळ आणि गावाची मोक्याची जागा हा मेळ मला पटत नाही. त्यांनी आधी दुसऱ्या जागेत शाळा चालवून दाखवावी.

करारात काय लिहावे, हे मात्र नीट ऐकावे, कारण कायद्याने न दिलेले काही गावाला इथेच मिळवता येते. 2009 च्या कायद्यातील शाळा व्यवस्थापन समिती, जिच्यात 75 टक्के पालक आणि निम्म्या महिला असतात, ती विनाअनुदानित खासगी शाळेला बंधनकारक नाही. तिथे शुल्क कायद्याखालची पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती असते, पण तिचा विषय मुख्यतः फी. म्हणून ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी आणि पालकांनी निवडलेले सदस्य यांचा समावेश असलेली समिती नेमण्याची अट भाडेपट्ट्यात घालावी. पहिलीत वंचित व दुर्बल घटकांतील मुलांसाठी राखीव असलेल्या 25 टक्के जागांची अटही स्पष्ट शब्दांत लिहावी. फेब्रुवारी 2024 मध्ये शासनाने सरकारी किंवा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटर परिसरातील खासगी शाळांना यातून सूट देणारा बदल केला होता. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये तो रद्द केला. शिवाय 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार अल्पसंख्याक दर्जाच्या संस्थांना हे बंधन नाही. असे बदल होत राहतील. गावाच्या जागेवरची शाळा गावातल्या शेतमजुराच्या मुलाला घेणार की नाही, हे करारातच ठरलेले बरे. फीसाठी दाखला अडवणार नाही, आणि पहिलीच्या प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची मुलाखत घेणार नाही, या दोन गोष्टी कायद्यात आहेतच, पण पुन्हा लिहाव्यात. शाळा बंद पडली किंवा दुसऱ्या संस्थेकडे हस्तांतरित झाली, तर जागा आणि तिच्यावरची इमारत यांचे काय, हे कलम वकिलाकडूनच लिहून घ्यावे.

आपल्या पत्रावरून माझा कल जुन्या संस्थेकडे आहे, परंतु समितीची अट तिने नाकारली आणि कंपनीने स्वीकारली, तर तो बदलेल.

प्रश्न : कुपवाडमध्ये आमच्या घराजवळ नवी इंग्रजी माध्यमाची शाळा सुरू झाली आहे. फलकावर ‘मान्यता प्रस्तावित’ असे लिहिले आहे. प्रवेश घ्यावा का?
— एक पालक, कुपवाड

उत्तर : मान्यतेच्या आदेशाची प्रत पाहिल्याशिवाय घेऊ नये. इरादापत्र म्हणजे मान्यता नव्हे आणि एखाद्या मंडळाशी संलग्नता घेण्याचा विचार असणे म्हणजे तर काहीच नव्हे. मान्यतेशिवाय शाळा चालवल्यास शिक्षणाचा अधिकार कायद्याच्या कलम 18 नुसार एक लाख रुपयांपर्यंत दंड होतो, आणि नंतरही शाळा चालू ठेवल्यास प्रत्येक दिवसाला दहा हजार रुपयांपर्यंत. दंड संस्थेला होतो, पण वर्षाच्या मध्यावर दुसरी शाळा शोधण्याची वेळ पालकांवर येते. शाळेला अकरा अंकी यू-डायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक) मिळाला आहे का, हेही विचारावे. आपल्या मुलाची नोंद त्या क्रमांकाखाली होते. कार्यालयातून प्रत द्यायला टाळाटाळ झाली, तर महापालिकेच्या शिक्षण विभागात चौकशी करावी.

प्रश्न : आमच्या वस्तीवरील जिल्हा परिषद शाळेचा पट वीसच्या खाली गेला आहे. एक संस्था शाळा ‘दत्तक’ घ्यायला तयार आहे. शाळा तिच्या ताब्यात जाईल का?
— शाळा व्यवस्थापन समिती अध्यक्ष, जत तालुका

उत्तर : नाही. शासनाने सप्टेंबर 2023 मध्ये आणलेल्या दत्तक शाळा योजनेत देणगीदार वस्तू आणि सेवा देतो. शिक्षक आणि प्रशासन जिल्हा परिषदेचेच राहते. वीसपेक्षा कमी पटाच्या जवळजवळच्या शाळा एकत्र करून त्यांची एक समूह शाळा करण्याचा प्रस्तावही त्याच महिन्यात पुढे आला होता, त्यामुळे आपली भीती समजण्यासारखी आहे. दत्तक घेतल्याने पट वाढत नाही, आणि तो न वाढल्यास समूह शाळेचा प्रश्न पुन्हा उभा राहू शकतो. म्हणून संस्थेकडून रंगरंगोटी आणि संगणक घेण्याआधी वाड्या-वस्त्यांवरून मुलांना आणण्यासाठी वाहनाची सोय मागावी. आपल्या भागात मराठी आणि कन्नड अशी दोन्ही माध्यमे आहेत, तेव्हा माध्यमाच्या प्रश्नात देणगीदाराला पडू देऊ नये. संस्थेने दिलेली प्रत्येक वस्तू मुख्याध्यापकांनी त्याच दिवशी डेडस्टॉक रजिस्टरला (शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) नोंदवावी आणि समितीच्या इतिवृत्तात तिचा उल्लेख करून घ्यावा, म्हणजे दत्तक घेण्याची मुदत संपल्यावर ती परत मागण्याचा प्रश्न येणार नाही.