एम्बेडेड टॉमकॅटवर (टॉमकॅट म्हणजे जावाची वेब ॲप्स चालवणारा सर्व्हर, एम्बेडेड म्हणजे तो ॲपच्याच आत) जावा ॲप प्रॉडक्शनला, म्हणजे खऱ्या वापरात, चालवावं, की वेगळा टॉमकॅट टाकून त्यावर वॉर, म्हणजे ॲपची फाईल, चढवावी?

चालवा बिनधास्त. "एम्बेडेड म्हणजे डेमोपुरतं" हे तुमच्या सीनियरचं वाक्य वाचलं आणि आमचे पुण्याचे भावोजी आठवले, म्हणून लिहितोय.

रत्नागिरीजवळ आमची कलमांची बाग. २०१९ ला मी स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कमध्ये छोटं ॲप केलं : वाशीला पेट्या किती गेल्या, दलालाची पट्टी (विक्रीचा हिशेब) किती आली. भाड्याचं सेंटओएस ७ (लिनक्स) चं मशीन, एक जार, म्हणजे ॲपची स्वतःच चालणारी फाईल, टॉमकॅट तिच्या पोटात. चुलतभाऊ वाडीतल्या सगळ्यांच्या पट्ट्या गोळा करून पंधरवड्याने एकदम फोटो चढवायचा. ऐन तोडणीत त्याचा फोन, "दादा, फोटो जाईना." लॉगिन होतंय, यादी दिसतेय, फक्त फोटो नाही. रीस्टार्ट केलं, गेले. पुढच्या पंधरवड्याला परत तेच रडगाणं. भावोजी नेमके आंबे न्यायला आलेले. पडवीत सगळ्यांसमोर म्हणाले, "तरी सांगत होतो, खरा टॉमकॅट लाव." बाबांनीही मान डोलावली. टॉमकॅट कशाशी खातात हे त्यांना आजही माहीत नाही.

रात्री लॉग उघडला. अपलोडची तात्पुरती जागा सापडत नाही म्हणे. एम्बेडेड टॉमकॅट सुरू होताना आपलं कामाचं फोल्डर टीएमपीत, म्हणजे सिस्टमच्या तात्पुरत्या फोल्डरात, करतो, आणि त्या सेंटओएसवर सिस्टमडी (लिनक्सवरच्या सेवा सांभाळणारा प्रोग्राम) टीएमपीतलं १० दिवस हात न लागलेलं सगळं झाडून टाकतं. फोटो रोज चढत असते तर फोल्डर वाचलं असतं. कॉन्फिगमध्ये टॉमकॅटची बेसडिर (हेच कामाचं फोल्डर) टीएमपीबाहेर नेली, एक ओळ. त्यानंतर तक्रार नाही.

वेगळ्या टॉमकॅटला हे झालं नसतं, कारण त्याची तात्पुरती जागा त्याच्याच फोल्डरात असते. हे भावोजींना मी अजून सांगितलेलं नाही.

बाकी नेहमीचंच. नोहप (टर्मिनल बंद केलं तरी प्रोग्राम चालू ठेवणारी कमांड) नको, सिस्टमडीची सर्व्हिस करा, आणि तिच्यात १४३ हा एक्झिट कोड (बंद होताना ॲप देतं तो आकडा) यशस्वी धरायला सांगा, नाहीतर सरळ बंद केलेलं ॲपही फेल दाखवतं. पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर ठेवा, टॉमकॅटचा ८०८० पोर्ट बाहेर उघडा टाकू नका. किल नाइन, म्हणजे ॲप जबरदस्तीने मारणं, तर नकोच; स्प्रिंग बूट २.३ पासून ग्रेसफुल शटडाउन (हातातलं काम संपवून बंद होणं) आहे, ते वापरा.

हां, दोन जीबीच्या मशीनवर आठ-दहा ॲप्स कोंबायची असतील तर गोष्ट वेगळी. प्रत्येक जार आपला जेव्हीएम (जावा चालवणारं इंजिन) घेऊन बसते, मेमरी पुरणार नाही. तिथे एकच टॉमकॅट लावून वॉर चढवा. भावोजींच्या ऑफिसात तसंच असावं, पण ते त्यांनी तेव्हा पडवीत सांगायला हवं होतं.