ऑटोमॅटिक पिकअपला मॅन्युअल गिअरबॉक्स बसवावा का?

प्रश्न : मी टेक्सासमध्ये राहतो. माझ्याकडे १९९६ सालची फोर्ड एफ-२५० पिकअप आहे. तिला ७.३ लिटरचे पॉवरस्ट्रोक डिझेल इंजिन आणि फोर-बाय-फोर आहे. वर्षानुवर्षे जड ट्रेलर ओढून तिचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आता ओव्हरहॉलला आला आहे. त्यावर खर्च करण्याऐवजी पाच गिअरचा मॅन्युअल बसवावा, असा विचार आहे. पेट्रोल इंजिनच्या एफ-२५०मधून काढलेला, झेडएफ या जर्मन कंपनीचा गिअरबॉक्स स्वस्तात मिळतो आहे. तो घ्यावा का?
— एक वाचक

उत्तर : तो गिअरबॉक्स कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. या पाच गिअरच्या झेडएफमध्ये बेल हाउसिंग (इंजिनला जोडले जाणारे पुढचे घंटेच्या आकाराचे आवरण) वेगळे बोल्टने जोडलेले नसून गिअरबॉक्सच्या अ‍ॅल्युमिनियम केसिंगबरोबर एकसंध ओतलेले असते. त्यामुळे पेट्रोल इंजिनचा गिअरबॉक्स घेऊन फक्त पुढचा भाग बदलण्याची सोय त्यात नाही, आणि डिझेल इंजिनच्या बोल्टांची ठेवण पेट्रोल इंजिनांपेक्षा निराळी आहे. फोर-बाय-फोर आणि टू-व्हील ड्राइव्ह यांच्या गिअरबॉक्सची मागची बाजूही वेगळी असते; म्हणून १९९४ ते १९९७ दरम्यानच्या, पॉवरस्ट्रोक असलेल्या, फोर-बाय-फोर मॅन्युअल गाडीचाच गिअरबॉक्स शोधावा लागेल.

माझा आग्रह याहून पुढचा आहे : नुसता गिअरबॉक्स न घेता तशी एक संपूर्ण भंगार गाडी मिळवावी. या कामात खरा वेळ आणि पैसा मोठ्या भागापेक्षा किरकोळ भागांवर जातो. क्लच आणि ब्रेकच्या पेडलांचा पूर्ण संच, क्लचचे मास्टर व स्लेव्ह सिलिंडर, क्रॉस मेंबर (गिअरबॉक्सला खालून आधार देणारा आडवा भाग), ट्रान्स्फर केस (पुढच्या आणि मागच्या चाकांना शक्ती वाटून देणारा भाग), प्रोपेलर शाफ्ट (तिथून चाकांकडे शक्ती नेणारा लांब दांडा), वायरिंगचे तुकडे आणि केबिनच्या तळाचे गिअर लिव्हरभोवतीचे झाकण हे सारे सुटे गोळा करायला निघालात, तर ओव्हरहॉल स्वस्त पडला असता असे वाटू लागेल. भंगार गाडी मिळत नसेल, तर आहे तोच ऑटोमॅटिक दुरुस्त करून घेणे शहाणपणाचे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ऑटोमॅटिकमध्ये क्लचची जागा घेणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरला इंजिनाशी जोडणारी पातळ फ्लेक्स प्लेट काढून तिथे फ्लायव्हील, म्हणजे क्लच ज्यावर दाबून बसतो ती जड चकती, बसते. मूळ मॅन्युअल गाडीत ते दोन भागांचे, आत स्प्रिंग असलेले असते. भंगार गाडीतले जुने फ्लायव्हील पुन्हा वापरू नये. एकसंध फ्लायव्हील आणि त्याला जुळणारी क्लच प्लेट नवीच घ्यावी. त्यानंतर गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना गिअरबॉक्समधून थोडी खडखड ऐकू येईल. क्लच दाबल्यावर ती थांबत असेल, तर घाबरण्याचे कारण नाही. पायलट बेअरिंग आणि रिलीज बेअरिंग याच वेळी बदलावे, कारण पुढे त्यांच्यासाठी पुन्हा सगळा गिअरबॉक्स खाली उतरवावा लागेल. प्रोपेलर शाफ्टची लांबी गाडी जॅकवर असताना मोजू नये. चारही चाके जमिनीवर टेकवून मोजावी.

विजेच्या बाबतीत मात्र मेकॅनिकला हवे तसे करू देऊ नका. ऑटोमॅटिकमध्ये स्टार्टरचा करंट गिअर लिव्हरच्या स्थितीवर लक्ष ठेवणाऱ्या सेन्सरमधून जातो, आणि तो सेन्सर काढल्यावर गाडी सुरूच होत नाही. त्यावर दोन तारा कायमच्या जोडून टाकण्याचा सोपा उपाय पुष्कळ जण करतात. तसे केले, तर पहिल्या गिअरमध्ये उभी असलेली ही अवजड गाडी चावी फिरवताच समोरच्या माणसावर धावून जाऊ शकते. स्टार्टरची जोडणी क्लच पेडलच्या स्विचमधूनच घ्यावी आणि रिव्हर्सचे दिवे गिअरबॉक्सवरच्या स्विचला जोडावेत. जुना कंप्युटर तसाच ठेवला, तर तो नसलेल्या ऑटोमॅटिकचे सोलेनॉइड (गिअर बदलणाऱ्या विजेवरच्या झडपा) शोधत राहतो, दोष नोंदवतो आणि ओव्हरड्राइव्हचा दिवा लुकलुकत राहतो. म्हणून भंगार गाडीचा कंप्युटरही घ्यावा. गाडी सगळीच्या सगळी घ्या म्हणण्याचे हेही एक कारण आहे.

तेलाबद्दलही मेकॅनिकला आधीच बजावून ठेवा. मॅन्युअल म्हटल्यावर सवयीने जाड गिअर ऑइल ओतले जाते. या झेडएफला मात्र फोर्डच्या मर्कॉन दर्जाचे, एरवी ऑटोमॅटिकमध्ये वापरतात तेच पातळ तेल लागते.